शंभर पक्ष्यांची अट मागे घ्या: जिल्ह्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी,
मा. सभापती, पशुसंवर्धन समिती, जिल्हा परिषद,
आणि आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे प्रभारी अधिकारी

विषय: परसातल्या कोंबड्यांचं राणीखेत (मानमोडी) लसीकरण

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तालुक्याच्या दवाखान्यात फळ्यावर एक सूचना लागली. कोंबड्यांची लस यापुढे एका मालकाकडे किमान शंभर पक्षी असतील तरच मिळेल, सुट्या मागणीसाठी कुपी फोडली जाणार नाही, असा तिचा मथितार्थ. कारण दिलंय की लस वाया जाते. आमच्या पाड्यांवर एका मालकाकडे शंभर कोंबड्या कुठून येणार, असं मी तिथेच विचारलं. उत्तर मिळालं, वरून आदेश आहे. वर म्हणजे आपणच. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण साधे अर्ज देऊन झाले आणि शिक्का मारलेल्या पोचेपलीकडे त्यांचं काही झालं नाही.

मी उमेद अभियानातली पशुसखी. घाटमाथ्यावरच्या काही पाड्यांवर शेळ्या-कोंबड्यांचं मी बघते. जंताचं औषध पाजणं, गोचिडांची फवारणी, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरसाहेबांबरोबर घरोघर फिरणं, कुणाची शेळी अडली तर त्यांना फोन लावणं, हे माझं काम. माझ्या स्वतःच्या घरीही कोंबड्या आहेत, सासूबाईंच्या वेळेपासून. गेल्या फाल्गुनात त्यातल्या बहुतेक गेल्या.

शंभरची अट कुणी घातली असेल ते मला ठाऊक नाही, पण त्याने आमच्याकडचं खुराडं पाहिलेलं नाही एवढं नक्की. पाच-सात कोंबड्या, एखादा कोंबडा, एखादी खुडूक बसलेली आणि एखादीमागे आठ-दहा पिल्लं, एवढाच एका घरचा पसारा. सकाळी खुराडं उघडलं की त्या उकिरड्यावर, खळ्यावर, कुंपणाकडेने दिवसभर चरतात. वरून मूठभर कणी नाहीतर नागलीचा कोंडा टाकला की झालं. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी घालते आणि त्यातली बरीचशी उबवायला ठेवावी लागतात. पिल्लं झाली की घार, मुंगूस, मांजर आपापला वाटा नेतात. कागदावर मांडलं तर याला कुणी धंदा म्हणणार नाही. पण बैल घरधन्याचे, जमीन सासऱ्यांच्या नावावर, कोंबडी तेवढी बाईची. ती विकायला कुणाला विचारावं लागत नाही. एसटीचं भाडं, पोरीच्या वह्या, तेल-मीठ, तापाच्या वेळी दवाखाना, हे सगळं त्यातून निघतं. आखाडात गावठी कोंबड्याला जो भाव मिळतो त्यावर कितीतरी घरांत शाळेचा खर्च भागतो. गावदेवीला कोंबडा लागतो, पाहुणा आला तर कोंबडी लागते, बाळंतिणीला अंडं लागतं. आमच्यासारख्या घरांत पोरांच्या ताटात अंडं पडतं ते बाजारातून आणून नव्हे.

आणि ही काही चार पाड्यांची गोष्ट नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली ३१ कोटी ७० लाख परसातली होती. आधीच्या गणनेपासून परसातले पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, व्यावसायिक शेडमधले जेमतेम साडेचार टक्क्यांनी. म्हणजे पाळणारे वाढताहेत. आपल्याच खात्याच्या योजनांनी त्यांना पाळायला लावलं आहे. मग लसीच्या वेळी हेच लोक मोजणीतून कसे गळतात?

आता रोगाबद्दल. गेल्या फाल्गुनात खालच्या पाड्यावर एका घरची कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, दाणा टिपेना. दुसऱ्या दिवशी हिरवट पातळ हगायला लागली. चोच उघडी टाकून श्वास, घशात घरघर, पंख लोंबलेले. मग मान वळली. मान अशी पिळवटते की चोच आभाळाकडे होते, कोंबडी स्वतःभोवती गरगर फिरते, मागच्या मागे पडते. भूक असते, दाणा समोर असतो, ती चोच मारते आणि चोच भलतीकडेच पडते. काही जणी हे सगळं व्हायच्या आधीच रात्रीतून मेलेल्या सापडतात. आठवड्याभरात रोग घरामागून घर करत वरच्या पाड्यावर आला. ज्यांच्या कोंबड्या अजून उभ्या होत्या त्यांनी आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने काढल्या. त्यांना मी बोल लावणार नाही. उद्या मरणारी कोंबडी आज दीडशेला जात असेल तर गरिबाने काय करावं? पण त्या डालग्यांतून रोग बाजारात गेला आणि बाजारातून आणखी गावांत.

या रोगावर औषध नाही. विषाणूचा आजार आहे, लागला की सांभाळण्यापलीकडे काही करता येत नाही आणि लस नसलेल्या कळपात शंभरातल्या नव्वद-नव्वद कोंबड्या जातात. तरी बाया औषधाच्या दुकानात जातात आणि दुकानदार पाण्यात घालायची पिवळी पावडर देतो. प्रतिजैविक आहे ते, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. कोंबड्या जातात त्या जातात, वर पावडरीचे पैसेही जातात.

पण लस आहे, आणि आजची नाही. हा रोग १९२६ च्या सुमारास जावा बेटात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ओळखला गेला. त्यानंतर दोनेक वर्षांतच आपल्या कुमाऊंतल्या राणीखेतला तो नोंदला गेला आणि तेच नाव इथे रूढ झालं. त्याच कुमाऊंत मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकात लस तयार झाली. ती आजही आर-टू-बी म्हणून आपल्या दवाखान्यांत वापरतात. लहान पिल्लांसाठी लासोटा आहे, एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. या लसी आपल्या राज्यातच, पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत बनतात. परदेशातून आणायच्या नाहीत, कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. एका कोंबडीच्या लसीचा खर्च तिच्या एका अंड्याच्या किमतीहून कमी आहे. ऐंशी वर्षांपासून ज्या रोगाला लस आहे, त्या रोगाने दर उन्हाळ्यात पाडे रिकामे व्हावेत हे मला मान्य नाही.

आता तक्रारी सांगते. पहिली अर्थातच शंभर पक्ष्यांच्या अटीची.

लस वाया जाते हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. कुपीत शंभर नाहीतर दोनशे मात्रांची सुकवलेली जिवंत लस असते. सोबतच्या द्रावणात ती कालवली की बर्फावर ठेवली तरी तास-दोन तासांत संपवावी लागते. एका घरच्या सहा कोंबड्यांसाठी ती फोडली तर उरलेली मातीत जाते. पण यावर उपाय एकच असतो का, की त्या सहा कोंबड्यांना लसच द्यायची नाही? बाळांच्या बीसीजीची कुपीही फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरते ती टाकून देतात. म्हणून आरोग्य खात्याने कधी असं म्हटलं नाही की गावात दहा बाळं जमली तरच या. त्यांनी वार ठरवला, ठिकाण ठरवलं, आशाताईंना घरोघर निरोप द्यायला लावला आणि तरीही थोडी लस वाया जाणार हे हिशेबात धरलं. कोंबड्यांसाठी हेच करता येतं. एका पाड्यावर वीस-पंचवीस घरं धरली तर दीड-दोनशे पक्षी सहज होतात. ते एका मालकाचे नाहीत, एवढंच. अट मालकावर न लावता पाड्यावर लावली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ती शंभरच्या अटीपेक्षाही जुनी आहे. दवाखाना उघडतो तेव्हा कोंबड्या रानात असतात. दुपारी बारा वाजता कुणी लस घेऊन पाड्यावर आलं तर पोरांना कोंबड्यांमागे पळवत बसायचं, दहातल्या तीन सापडतात आणि बाकीच्या कौलावर, आंब्यावर. मग वहीत शेरा पडतो की पशुपालकांचा प्रतिसाद नाही. कोंबड्यांना लस द्यायची ती तांबडं फुटायच्या आधी, नाहीतर दिवेलागणीनंतर. खुराड्याचं दार किलकिलं करायचं, आत हात घालून एकेक काढायची, पंखांसकट काखेत धरायची, डोकं आडवं करून डोळ्यात थेंब सोडायचा आणि तिने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत थांबायचं. सोडायची घाई केली तर ती डोकं झटकते आणि थेंब जमिनीवर पडतो. एका घराला पाच-सात मिनिटं लागतात. उजाडायच्या आत अर्धा पाडा होतो. हे काम कार्यालयीन वेळेत होणारं नाही आणि डॉक्टरसाहेबांनी पहाटे चारला घाट चढून यावं अशीही आमची अपेक्षा नाही. तालुक्यात किती पदं रिकामी आहेत आणि एकेका डॉक्टरवर किती गावं आहेत ते आम्हाला दिसतं. म्हणून तर आम्ही आहोत.

पण आम्हाला लस नेऊ देत नाहीत. संध्याकाळी मागितली तर फ्रीजला कुलूप. सकाळी मिळते तेव्हा पहाट गेलेली असते. शीतपेटी आणि बर्फ तुमचा तुम्ही बघा, असं सांगितलं जातं. घाटमाथ्यावर बर्फ कुठे मिळणार? आमच्यातल्या एकीने घरच्या डब्यात कुल्फीवाल्याकडचा बर्फ भरून लस नेली. तिच्या जिद्दीचं मला कौतुक आहे, पण सरकारी लस अशी जावी का? ही लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात दोन तास राहिली तर कुपी तशीच दिसते, पाणी तसंच दिसतं, पण आतली लस मेलेली असते. अशी लस टोचलेल्या कोंबड्या चैत्रात मरतात, आणि लोक म्हणतात लस देऊन काय झालं? त्यांना दोष देता येईल का?

लोकांचा विश्वास उडतो तो आणखी एका कारणाने, आणि ही माझी तिसरी तक्रार. मर लागली की मग लसीकरणाची गाडी येते. फाल्गुनात तसंच झालं. शेजारच्या गावात कोंबड्या मरायला लागल्यावर आमच्याकडे मोहीम घेतली. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी दोन तर कधी पंधरा. म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी कोंबड्यांच्या अंगात तो आधीच होता. लस दिली, चौथ्या दिवशी त्या मेल्या, आणि अख्ख्या पाड्यावर झालं की लसीनेच मारल्या. त्यात आर-टू-बी ही लस जोरदार आहे. ती साधारण आठ आठवड्यांच्या पुढच्या, धडधाकट पक्ष्यांना पंखाखाली कातडीत टोचायची असते. त्या दिवशी घाईत ती लहान पिल्लांनाही टोचली गेली. पिल्लं लुळी पडली. मी तेव्हा तिथे होते आणि पिल्लांना देऊ नका असं म्हणाले होते. एका म्हातारीने त्यानंतर मला दारात उभं केलं नाही, अजून करत नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वरातीमागून निघालेल्या या घोड्यांपेक्षा पौषातच, रोगाचे दिवस सुरू व्हायच्या आधी, लस दिली असती तर हे टळलं असतं. यासाठी जास्त पैसे लागत नाहीत, कॅलेंडर लागतं.

चौथी तक्रार अशी की आमच्या कोंबड्यांचं मरण कुठे लिहिलंच जात नाही.

गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, त्यांची नोंद संगणकावर आहे. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला (गाभ पाडणारा रोग) यांसाठी केंद्राने २०१९ साली पाच वर्षांचा १३,३४३ कोटींचा कार्यक्रम घेतला आणि तो चांगलाच आहे, आमच्याही बैलांना त्यातून लस मिळाली. शेळ्यांना पीपीआर या त्यांच्या साथीच्या रोगाची मिळते. कोंबडीला बिल्ला नाही, नोंद नाही, आणि मेली तर पंचनामाही नाही. संसर्गजन्य पशुरोगांसाठी २००९ चा जो केंद्रीय कायदा आहे त्याच्या यादीत हा रोग आहे. मालकाने कळवायचं, गावपातळीवरून पुढे कळवायचं, पशुवैद्यकाने तपासायचं, अशी त्यात सगळी साखळी आहे. फाल्गुनात मी फोनवर कळवलं. नमुना घ्यायला कुणी आलं नाही. मेलेल्या कोंबड्या लोकांनी ओढ्यात टाकल्या, काही कुत्र्यांनी ओढल्या. खड्डा खणून चुना टाकून पुरा, एवढं सांगायलाही वरून कुणी फिरकलं नाही. आम्ही सांगितलं तेवढंच.

ही नुसती आमच्या नुकसानीची बाब नाही, आणि इथे मला आपलं लक्ष नीट हवंय. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. सुरुवातीला ती मर राणीखेतची आहे असंच म्हटलं जात होतं, कारण वरून दोन्ही रोग सारखेच दिसतात. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय फरक कळत नाही. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच संकट आलं. आता विचार करा: ज्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात कोंबड्या मरतात आणि कुणी नमुना घेत नाही, तिथे उद्या बर्ड फ्लू आला तर कळणार कुणाला? सगळे म्हणतील मानमोडी आहे, नेहमीचंच आहे. तोवर बाया त्या कोंबड्या सोलत असतील, पोरं त्यांना हाताळत असतील, आणि डालगी बाजारात गेलेली असतील. राणीखेतची लस नियमित दिली, तर लस दिलेल्या पाड्यावर अचानक मोठी मर लागणं हीच धोक्याची घंटा ठरेल. परसातल्या कोंबड्यांना लस देणं हे शेडवाल्यांच्या आणि माणसांच्याही हिताचं आहे. खात्यातल्या तज्ज्ञांना हे मी सांगायची गरज नाही, पण फळ्यावरच्या सूचनेत त्याचा मागमूस नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. खात्याच्या योजनेतून पन्नास टक्के अनुदानावर तलंगांचे (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्यांचे) गट वाटले जातात, पंचवीस माद्या आणि तीन नर. आमच्या गटातल्या काही जणींनी आपला वाटा भरून ते घेतले. पक्षी दिले, फोटो काढले, पुढची लस कधी आणि कोण देणार हे कुणी सांगितलं नाही. लस कोणती झाली आहे त्याचा कागद नाही. ते पक्षी गावठी कोंबड्यांत मिसळले आणि फाल्गुनात दोन्ही बरोबरच गेले. बाईने भरलेले पैसे बुडाले, आणि योजनेच्या अहवालात ती अजूनही लाभार्थी आहे.

दवाखान्यातल्या कुणा एका माणसावर माझा राग नाही. तिथले कर्मचारी लम्पीच्या साथीत रात्रंदिवस राबले, ते आम्ही पाहिलं आहे. प्रश्न खात्याच्या नजरेचा आहे. जनावर म्हटलं की खात्याला गाय दिसते, फार तर शेळी. कोंबडी दिसते ती शेडमधली, दहा हजारांच्या हिशेबातली. त्या शेडवाल्याला कंपनीचा डॉक्टर आहे, लसीचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून छापील आहे, त्याला सरकारी कुपीची गरजच नाही. ज्यांना गरज आहे त्या बायांना मात्र आपण शंभरचा आकडा दाखवता.

हे इतरत्र होऊ शकलं आहे. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये खेड्यांतल्या बाया-बाप्यांनीच कोंबड्यांना डोळ्यातल्या थेंबाची लस दिली, दर चार महिन्यांनी, ठरल्या महिन्यांत. त्यासाठी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आय-टू नावाचा उष्णता सोसणारा लस-विषाणू शोधला आणि गरीब देशांच्या प्रयोगशाळांना फुकट दिला. आपल्याकडे तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने खाद्यातून देता येईल अशी राणीखेतची लस तयार केली आहे. अशा लसी आमच्यासारख्या भागासाठी मिळतील का हे राज्य पातळीवर विचारणं आपल्या हातात आहे. पण त्यांची वाट पाहत बसायला मी सांगत नाही. आज फ्रीजमध्ये जी लस आहे ती नीट वापरली तरी पाडे वाचतील.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

शंभर पक्ष्यांच्या अटीची सूचना मागे घ्या. पाड्यानुसार दिवस ठरवा, त्या दिवशी जेवढे पक्षी येतील तेवढ्यांना लस द्या आणि उरलेली लस वाया गेली असं मोकळेपणाने नोंदवा. वर्षाला तीन फेऱ्या घ्या: पौषात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास. प्रत्येक फेरीत लासोटाचे थेंब आणि आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना एकदा आर-टू-बी. आर-टू-बी डॉक्टरांच्या समोरच टोचली जावी, पिल्लांच्या जवळपासही ती जाऊ नये.

थेंब देण्याचं काम पशुसखींकडे द्या. केंद्राच्या पशुसंवर्धन आणि ग्रामविकास खात्यांनी मिळून पशुसखींना ए-हेल्प म्हणून, म्हणजे पशुपालक आणि दवाखाना यांच्यातला दुवा म्हणून, प्रशिक्षण द्यायचं ठरवलं आहे, ते याचसाठी असावं अशी आमची समजूत आहे. डॉक्टरांची देखरेख असू द्या, नोंदवही तपासा, चुकलं तर जाब विचारा. पण आदल्या संध्याकाळी लस हातात द्या. प्रत्येक पशुसखीला शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या आणि ड्रॉपर द्या. घरोघर फिरताना रोग आमच्याच पायांनी जाऊ नये म्हणून हात-पाय धुवायचं जंतुनाशक द्या. आणि पक्ष्यामागे काही ठरावीक मोबदला द्या. पहाटे तीनला उठून घाटात चालणाऱ्या बाईचं काम सेवाभावाच्या नावाखाली फुकट घेऊ नका.

मरतुकीची नोंदवही दवाखान्यात ठेवा. एका पाड्यावर दोन दिवसांत दहाच्या वर कोंबड्या मेल्या असं कळवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत नमुना घ्यायला माणूस यावा आणि निकाल काय आला ते आम्हालाही कळावं. नमुने तपासायची सोय पुण्यात आहे, भोपाळला आहे. पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर तेवढं आपण कापायचं आहे.

योजनेतून दिलेल्या प्रत्येक गटाबरोबर लसीचं कार्ड द्या: कोणती लस कधी झाली, पुढची कधी, देणार कोण.

या सगळ्याला पैसा कुठून, असं विचारलं जाईल. राज्यांना पशुरोग नियंत्रणासाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा निधी मिळतो, तो राज्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या रोगांसाठी असतो. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस आहे. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा आता तयार होतोय. त्यात परसातल्या कोंबड्यांच्या लसीचं स्वतंत्र शीर्ष असावं अशी सभापती महोदयांना आमची विनंती आहे. ज्या सदस्यांच्या गटांत आमचे पाडे येतात त्यांनी ते सभेत मांडावं, आणि कुणी मांडलं, कुणी नाही, हे आम्ही इतिवृत्तात वाचू.

या पत्राचं उत्तर लेखी हवं. फळ्यावरची सूचना काढली तर तेही उत्तर समजू. मार्गशीर्ष संपेपर्यंत काहीच झालं नाही तर आम्ही पाड्यांवरच्या बाया जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी येऊन सदस्यांना भेटू, हे आधीच कळवून ठेवते. माहिती अधिकारात गेल्या तीन वर्षांत तालुक्याला किती कुपी आल्या, किती वापरल्या आणि किती मुदत संपून गेल्या, याचा अर्ज आजच टाकला आहे.

आमच्या पाड्यांची यादी, घरं आणि प्रत्येक घरातले पक्षी, पिल्लं वेगळी आणि मोठे वेगळे, असं सगळं मोजून या पत्राच्या दवाखान्यात दिलेल्या प्रतीला जोडलं आहे. कोणत्या पाड्यावर किती कुप्या लागतील तेही लिहिलं आहे. पौषात लस मिळाली तर त्याच आठवड्यात पहिली फेरी सुरू करायची आमची तयारी आहे.

आपली,
घाटमाथ्यावरची एक पशुसखी
आणि तिच्या पाड्यांवरच्या बचत गटांच्या बाया